शुगर, भाकरी आणि घरातला एकच फोन

शिळफाट्यावर थोडा वेळ उभं राहिलं की कर्जत-खालापूरची सगळ्या तऱ्हेची माणसं नजरेखालून जातात. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचा हा खोपोलीचा नाका. पाळी सुटलेले कारखान्यांतले कामगार, लोकल गाठायला निघालेले नोकरदार, वाडीवरून बाजाराला आलेल्या ठाकूर-कातकरी बाया, घाट चढण्याआधी चहाला थांबलेले ट्रकवाले. यातल्या अनेकांच्या खिशात किंवा पिशवीत आता दोन वस्तू असतात, मोबाइल आणि शुगरच्या गोळ्यांचं पाकीट.

गेली दहा-पंधरा वर्षं जगभरातले डॉक्टर आणि तंत्रज्ञ या दोन वस्तूंची सांगड घालू पाहत आहेत. मधुमेह दवाखान्यात जाऊन बरा होत नाही. डॉक्टर महिन्याकाठी दहा मिनिटं भेटतो. काय खायचं, किती चालायचं, गोळी कधी घ्यायची, पायाला जखम झाली आहे का, हे उरलेला महिनाभर रुग्णालाच बघायचं असतं. या कामात फोनची मदत होते का, हा पहिला प्रश्न. फोनवरून येणारा सल्ला माणसाच्या भाषेला, ताटाला, कामाच्या वेळेला आणि उपासतापासाला धरून असेल, तर तो जास्त लागू पडतो का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं आता बऱ्यापैकी हाताशी आहेत. ती आपल्या पट्ट्याला कितपत लागू आहेत, ते पाहू.

आजार किती आणि कोणाला

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभराचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे आणि १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरांत हे प्रमाण १६.४ टक्के, तर खेड्यांत ८.९ टक्के. डोकी मोजली तर देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही. या पाहणीच्या पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्र होता. २०११ मध्ये जाहीर झालेल्या त्या आकड्यांत राज्यातले ८.४ टक्के लोक मधुमेही आणि १२.८ टक्के उंबरठ्यावरचे होते.

कर्जत-खालापूर धड शहर नाही आणि धड खेडंही नाही. खोपोलीत कारखाने, नेरळ-कर्जतला नव्या इमारतींची रांग, आणि मुख्य रस्ता सोडून थोडं आत गेलं की कातकरवाड्या. बैठं काम आणि तेलकट खाणं वाढलं की शुगर येते, हे समीकरण इमारतींना लागू पडतं. वाड्यांचं काय? तिथे अंगावर मांस नाही, दिवसभर अंगमेहनत आहे, म्हणजे शुगर असणार नाही, असं अनेकदा गृहीत धरलं जातं.

या समजुतीला धक्का दिला तो घाटापलीकडच्या पुण्यातल्या कामाने. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. इथली बाळं वजनाने कमी भरतात, पण त्यांच्या शरीरात चरबीचा वाटा मात्र जास्त असतो, असं त्यांना दिसलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून स्थूल. त्यापलीकडे, लहानपणापासूनच्या उपासमारीतून येणाऱ्या मधुमेहाच्या आणखी एका प्रकाराला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली.

फोनशी याचा थेट संबंध आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन भरते. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातला आजार यांना गुण मिळतात आणि ज्यांचे गुण जास्त त्यांना तपासणीसाठी आधी पाठवलं जातं. वीटभट्टीवर राबणाऱ्या बारीक माणसाचे घेराचे गुण शून्य आणि मेहनतीचेही शून्य. आईवडिलांची शुगर कधी तपासलीच नसेल तर तो रकानाही शून्य. कागदावरचा हाच हिशोब अॅपमध्ये भरला की चूक फक्त वेगाने होते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीचंही तसंच आहे. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर हा आकडा उगाच वर जाऊ शकतो आणि सिकलसेलसारख्या आजारात तो फसवा निघतो. ज्या भागात दोन्ही आढळतात तिथे केवळ या एका आकड्यावर चालणारं साधन आंधळेपणाने वापरता येत नाही.

संदेशांचा अनुभव

सगळ्यात साधं साधन म्हणजे एसएमएस, आणि त्याच्या बाजूने पुरावाही सगळ्यात भक्कम आहे. चेन्नईचे डॉ. अंबाडी रामचंद्रन यांच्या गटाने दक्षिण भारतातले मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३७ पुरुष निवडले. सगळ्यांना सुरुवातीला सल्ला दिला आणि निम्म्यांना पुढे दोन वर्षं मोबाइलवर नियमित संदेश पाठवले. २०१३ मध्ये निकाल आला. संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्के लोकांना मधुमेह झाला, न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्के लोकांना. एवढ्या स्वस्त उपायाला एवढं फळ क्वचितच मिळतं. त्यातले सगळे पुरुष होते, ही गोष्टही लक्षात ठेवायला हवी.

त्याच सुमारास आरोग्य वर्ल्ड या संस्थेने नोकियाच्या साथीने देशभरातल्या सुमारे दहा लाख ग्राहकांना आठवड्याला दोन याप्रमाणे सहा महिने संदेश पाठवले. बारा भाषांतून. नंतरच्या तपासणीत फळं-भाज्या खाणं, तळलेलं टाळणं, व्यायाम करणं या सवयी सुधारलेल्या दिसल्या. पण ही लोकांनी स्वतः सांगितलेली माहिती होती, रक्ततपासणी नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या ‘एमडायबेटिस’ कार्यक्रमाशी भारत सरकार २०१६ मध्ये जोडलं गेलं. मिस्ड कॉल द्यायचा आणि संदेश सुरू करायचे, अशी त्याची रीत.

संस्कृतीशी जुळवून घेण्याचा बराच अभ्यास झाला तो अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांवर. मेक्सिकोहून आलेली, स्पॅनिश बोलणारी, हातावर पोट असलेली ही माणसं. सॅन दिएगोमधल्या ‘डुल्से डिजिटल’ प्रयोगाचा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १२६ रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांच्या खाण्यापिण्याला आणि कुटुंबरीतीला धरून संदेश पाठवले गेले. सहा महिन्यांत त्यांची एचबीए१सी ९.५ वरून ८.५ वर आली. बाकीच्यांची जवळपास होती तिथेच राहिली. यातली महत्त्वाची बाब मथळ्यात येत नाही. रुग्णाने आपल्या साखरेचा आकडा फोनवरून कळवायचा आणि तो फार वर किंवा फार खाली असेल तर पलीकडून माणूस फोन करायचा. शिवाय या प्रयोगाच्या मागे तो करणाऱ्या संस्थेचीच एक जुनी योजना उभी होती. वस्तीतल्याच बायका, तिकडच्या ‘प्रोमोतोरा’, मधुमेहाचं शिक्षण द्यायच्या. संदेश त्या शिक्षणातूनच उतरले होते.

जिथे गाडी अडली

आता दुसरी बाजू. हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामूहिक आरोग्य केंद्रांत ‘एमवेलकेअर’ नावाची प्रणाली आजमावली गेली. परिचारिकेच्या हातात टॅबलेट, त्यात रुग्णाची माहिती, कोणतं औषध द्यावं याची सूचना, पुढच्या भेटीची आठवण. सुमारे ३,७०० रुग्ण. एका वर्षाने पाहिलं तर टॅबलेटवाल्या केंद्रांत साखर आणि रक्तदाब दोन्ही सुधारले होते, आणि टॅबलेट नसलेल्या केंद्रांतही तितकेच सुधारले होते. कारण त्या केंद्रांनाही प्रशिक्षित परिचारिका आणि उपचारांची लेखी पद्धत मिळाली होती. आंध्र प्रदेशातल्या ‘स्मार्टहेल्थ’ प्रयोगात आशा कार्यकर्त्यांनी टॅबलेटवर हृदयविकाराचा धोका मोजला. रक्तदाब आटोक्यात आलेल्यांच्या प्रमाणात तिथेही म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

याउलट २०१६ मध्ये जाहीर झालेला ‘कार्स’ प्रयोग. भारत-पाकिस्तानातले दहा दवाखाने, १,१४६ रुग्ण. डॉक्टरला संगणकावर सूचना मिळायच्या आणि सोबत रुग्णांच्या मागे लागणारा एक समन्वयक नेमला होता. आला का, गोळ्या घेतल्या का, रक्त तपासलं का, हे विचारणं त्याचं काम. साखरेसोबत रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही आटोक्यात आणणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ८.१ टक्के होतं, इथे ते १८.२ टक्के झालं.

हे सगळे निकाल एका ओळीत मांडले की मला त्यातून एकच गोष्ट दिसते. फोन एकटा फार थोडं करतो. फोनमागे ओळखीचा माणूस असेल आणि त्या माणसामागे औषधांचा पुरवठा असेल, तर फोन त्या दोघांचा हात लांबवतो. आणि हा हात योग्य वेळी योग्य दारापर्यंत पोहोचायचा असेल, तर त्या दारातल्या माणसाचं ताट, काम आणि पंचांग माहीत असावं लागतं.

आमचं ताट, आमचं पंचांग

ताटापासून सुरुवात करू. बहुतेक अॅप गव्हाची पोळी हे माप धरून चालतात. एका फुलक्याला पंचवीस-तीस ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे साधारण वीस ग्रॅम कर्बोदकं. कर्जत-खालापुरात घरोघर तांदळाची भाकरी आहे. उकड काढून, मळून, हातावर थापलेल्या एका मोठ्या भाकरीला ऐंशी ग्रॅमच्या आसपास पीठ जातं आणि त्यात कर्बोदकं साठ ग्रॅमच्या वर. एक भाकरी म्हणजे तीन फुलके. अॅपच्या यादीतल्या ‘रोटी – १’ वर बोट ठेवणाऱ्या बाईचा हिशोब पहिल्याच घासाला तिपटीने चुकतो. भाकरीनंतर भात, सकाळी पेज आणि दिवसातून चार वेळा साखरेचा चहा. भाताच्या संशोधनासाठी नावाजलेलं केंद्र ज्या कर्जतमध्ये आहे आणि तालुक्याच्या नावाने ज्या भातजाती राज्यभर पेरल्या जातात, तिथे भात सोडा म्हणणारा सल्ला कोणीच ऐकणार नाही. दोनऐवजी एक भाकरी, सोबत वाल किंवा सुकट आणि एक पालेभाजी, चहात अर्धी साखर, हे ऐकलं जाईल. नाचणीचं सध्या फार कौतुक होतं, पण तिच्यातही कर्बोदकं भरपूर आहेत. तांदळाच्या जागी नाचणी ठीक, तांदळाच्या जोडीला वर नाचणी नको, एवढं स्पष्ट सांगायला हवं.

दुसरं पंचांग. महडचा वरदविनायक खालापूर तालुक्यातला, त्यामुळे संकष्टी इथे घरोघर पाळली जाते. उपास चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री नऊच्या आसपास. दिवसभर एकतर काही नाही किंवा साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी घेऊन दिवसभर पोटात काही गेलं नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ‘संतुलित आहार घ्या’ असं वर्षभर सांगणाऱ्या संदेशापेक्षा संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी आलेला एक फोन मोलाचा. तो असा असावा: “मावशी, उद्या संकष्टी. उपास धरणार असाल तर शुगरची गोळी कशी घ्यायची ते आजच आशाताईला विचारा. उद्या घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर चंद्राची वाट बघू नका. लगेच साखरपाणी घ्या.” ही कल्पना हवेतली नाही. सेनेगलने २०१४ मध्ये आपला मधुमेह-संदेश कार्यक्रम रमजानचा मुहूर्त धरून सुरू केला होता. नेरळ-कर्जतच्या मुसलमान वस्त्यांना तोच धडा जसाच्या तसा लागू आहे.

तिसरं कामाचं वेळापत्रक. सकाळी आठला वाजणारी गोळीची आठवण कारखान्यातल्या माणसाच्या कामाची नाही. या आठवड्यात त्याची पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग रात्रपाळी. त्याचं जेवण घड्याळाने ठरत नाही, पाळीने ठरतं. पहाटेची लोकल पकडणारा नोकरदार सकाळचं खाणं स्टेशनवरच्या वडापाववर भागवतो आणि रात्रीचं दहाला जेवतो. ‘तुमची पाळी कोणती?’ हा एक प्रश्न विचारून आठवणीची वेळ बदलणं संगणकाला अजिबात अवघड नाही. फक्त तो प्रश्न विचारायला सुचायला हवा.

चौथा मुद्दा पायांचा. मधुमेहात पायाची संवेदना मंदावते आणि जखम कळत नाही. आवणीच्या दिवसांत माणूस आठ-आठ तास चिखलात उभा असतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या चिघळल्या तर प्रकरण बोट कापण्यापर्यंत जाऊ शकतं. जून-जुलैत रोज संध्याकाळी पाय धुऊन, कोरडे करून, बेचक्या बघायला सांगणारा संदेश जानेवारीतल्या दहा संदेशांना भारी आहे. इन्शुलिनवाल्यांसाठी उन्हाळ्यात तशीच एक सूचना हवी. घरी फ्रिज नसेल तर सावलीतल्या माठाच्या गारव्यात कुपी ठेवण्याचा उपाय डॉक्टरही सांगतात. २५ ते ३७ अंशांत इन्शुलिन चार आठवडे टिकतं, असं जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं आहे.

फोन कोणाचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार स्वतः वापरायचा मोबाइल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे होता. खेड्यात त्याहून कमी. वाडीतल्या घरात बहुधा एकच स्मार्टफोन असतो. तो मुलाचा, आणि मुलगा दिवसभर कामावर. सासूच्या शुगरचा संदेश रात्री मुलाच्या फोनवर येतो, आणि आधी नातू तरी वाचतो किंवा कोणीच वाचत नाही. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दरम्यान सिमकार्ड बदलतं, रिचार्ज संपतो, आणि यादीतला नंबर ‘अस्तित्वात नाही’ होतो. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत रेंज मिळायला टेपाड चढावं लागतं, ते वेगळंच.

म्हणून इथे लिखित संदेशापेक्षा आवाज बरा, आणि अॅपपेक्षा साधा फोन. या वाटेवर महाराष्ट्रातच चांगलं काम झालेलं आहे, मात्र ते बाळंतपणाच्या क्षेत्रात. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेची ‘एममित्र’ सेवा गरोदर बाईला तिच्या महिन्यानुसार, मराठी किंवा हिंदीत, तिने निवडलेल्या वेळी ध्वनिसंदेश ऐकवते. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवाही त्याच धर्तीची, आठवड्याला एक याप्रमाणे ७२ संदेश. कोणत्या बाया ऐकणं सोडतील याचा अंदाज घेऊन त्यांनाच माणसाकडून फोन करवण्यासाठी ‘अरमान’ने कृत्रिम बुद्धिमत्तेचाही उपयोग केला. मधुमेहाला मात्र नऊ महिन्यांची मुदत नाही. तो जन्मभराचा. तेच तेच संदेश वर्षानुवर्षं कोण ऐकणार? याचं उत्तर पुन्हा ऋतूंत आणि सणांत सापडतं. आवणी, श्रावण, गौरी-गणपती, भट्टीवर जाण्याची तयारी, लग्नसराई अशी वर्षाची चाल धरली तर संदेशाला दर वेळी निमित्त मिळतं.

बाजारातल्या अॅपची गोष्ट निराळी. साखरेचा आलेख, आहारतज्ज्ञाशी गप्पा, दंडावर चिकटवायचा सेन्सर हे सगळं नेरळच्या इमारतीतल्या, इंग्रजी वाचणाऱ्या नोकरदाराला परवडतं आणि त्याच्या उपयोगालाही येतं. त्याने ते जरूर वापरावं. मराठीत बोलणारे यांत्रिक सल्लागारही येऊ घातले आहेत. ते भाकरीचा हिशोब सांगोत, पण गोळीचा डोस बदलण्याचा अधिकार त्यांना नको. आणि कोणत्याही साधनाने गोळा केलेली माहिती कोणाच्या हाती जाते, हे रुग्णाला मराठीत आणि आधी सांगितलं गेलं पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा गाभाच तो आहे.

मग करायचं काय?

सांगाडा तयार आहे. आशा, उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, कशेळ्यासारखी ग्रामीण रुग्णालयं, सरकारी ई-संजीवनीवरून डॉक्टरचा सल्ला. तपासणीची नोंद फोनवरून होते. पण ही नोंद वरच्या दिशेने जाते, जिल्ह्याकडे आणि राज्याकडे. रुग्णाकडे परत काही येत नाही. ज्या बाईच्या बोटातून रक्त काढलं, तिच्या फोनवर तिच्या भाषेत दोन वाक्यं परत यावीत, एवढा बदल पहिला.

दुसरा बदल उत्तराची सोय. संदेश ऐकून तिने ‘एक’ दाबलं की आशाच्या फोनवर नाव दिसावं. पण आशाच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे आणि मोबदला कामागणिक. आणखी एक काम फुकटात टाकलं तर ते होणार नाही, आणि त्याचा दोष तिला देता येणार नाही. तिसरा बदल साहित्याचा. घरी साखर तपासायची एक पट्टी दहा-वीस रुपयांना पडते. रोजंदारीवरचा माणूस आठवड्याला चार पट्ट्या वापरेल, ही अपेक्षाच चूक. उपकेंद्रात पट्ट्या आणि भट्टीवर जाणाऱ्याला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या, तर फोनवरच्या सल्ल्याला अर्थ येईल.

हे सगळं एकाच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, एका आवणीपासून पुढच्या आवणीपर्यंत करून बघता येईल. किती जणांनी संदेश शेवटपर्यंत ऐकला, किती जण गोळ्यांना परत आले, किती पायांच्या जखमा वेळेत सापडल्या, एवढं मोजलं तरी पुरे. आणि पैसे मोजकेच असतील, तर ते आधी आशाच्या मोबदल्यात घालावेत आणि मग सॉफ्टवेअरमध्ये. सॅन दिएगो, हरियाणा-कर्नाटक आणि ‘कार्स’चे दवाखाने, तिन्हीकडचे आकडे हाच क्रम सांगतात.